काळ्या पडद्याआड सगळं ओके

लिनक्स मंगळावर चाललं आहे. २०२१ साली ‘नासा’ने तिथे ‘इन्जेन्युइटी’ नावाचं चिमुकलं हेलिकॉप्टर उडवलं, त्याच्या पोटात लिनक्स होतं. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७च्या नोव्हेंबरपासून एकजात लिनक्सवर चालतात. हे सगळं मला माझ्या भाचीने ऐकवलं आणि ते अक्षरशः खरं आहे. एक गोष्ट तेवढी तिने सांगितली नाही. त्या हेलिकॉप्टरला स्क्रीन नव्हती. महासंगणकांच्या कपाटांपुढेही कोणी डोळे लावून बसलेलं नसतं. बघायला कोणी नसेल तिथे लिनक्सचा कारभार बिनबोभाट चालतो. भानगड सुरू होते ती समोर खुर्ची टाकून माणूस बसला की. आणि तो माणूस सिडकोत राहणारा गणिताचा मास्तर असेल, तर विचारूच नका.

लॅपटॉप भाचीचा. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला घेतलेला. पुण्यात नोकरी लागल्यावर कंपनीने तिला नवा दिला आणि हा आमच्या घरी आला. आमच्या नातेवाइकांत एखादी वस्तू टाकवतही नाही आणि ठेववतही नाही अशी झाली, की ती मामाकडे येते. (याच न्यायाने आलेली व्यायामाची एक सायकल गच्चीवर आहे. तिच्यावर कपडे छान वाळतात.) देताना तिने त्यातलं विंडोज काढून लिनक्स घातलं. ‘मामा, व्हायरस नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत.’ तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. बसवताना त्याने शहर विचारलं. नकाशावर मराठवाड्याचा नेम धरून मी टिचकी मारली, तर त्याने कोलकाता लिहिलं. पुन्हा मारली, पुन्हा कोलकाता. इथे शहराच्या नावावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, दुकानांच्या पाट्या बदलल्या. लिनक्सच्या घड्याळाला त्याचं सोयरसुतक नाही. त्याच्या लेखी अख्खा भारत कोलकात्यात राहतो.

या लॅपटॉपात एक दांडगं ग्राफिक्स कार्ड आहे. घेताना दुकानदाराने भावोजींना ‘साहेब, गेमिंगचं कार्ड आहे, पुढची दहा वर्षं बघायला नको’ असं सांगितलं होतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे मुळात त्रिकोण काढणारं यंत्र. गेममधला राक्षस, मोटार, धबधबा, सगळं बारीक बारीक त्रिकोणांचं बनलेलं असतं आणि हे कार्ड सेकंदाला कोट्यवधी त्रिकोण रंगवून देतं. मला लागतो एक. तोही काटकोन, दहावीच्या गणित भाग २ साठी, आणि त्याला रंग नको.

अशा लॅपटॉपात ग्राफिक्सची व्यवस्था दुहेरी असते. एक साधं, प्रोसेसरमध्येच बसवलेलं, थोड्या विजेत भागवणारं. दुसरं हे दांडगं. रोजचं काम साध्याने करायचं, गेम लागला की दांडग्याला उठवायचं, अशी योजना. बॅटरीच्या दृष्टीने चांगलीच आहे. पण पुष्कळ लॅपटॉपांत एक गंमत करून ठेवलेली असते. झाकणातली स्क्रीन साध्या ग्राफिक्सला जोडलेली आणि बाजूचं एचडीएमआयचं भोक थेट दांडग्या कार्डाला. म्हणजे दांडगं झोपलेलं असलं तरी लॅपटॉप उत्तम चालतो, फक्त प्रोजेक्टर लागत नाही. ही गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. मला ती मुख्याध्यापकांमुळे कळली. ‘यंदा पालकसभेला मूल्यमापनाची पद्धत पडद्यावर दाखवा. तुमच्याकडे लॅपटॉप आहे ना, सर?’ आहे ना, सर, या तीन शब्दांपुढे शाळेत कोणाचं काही चालत नाही.

‘ड्रायव्हर टाक,’ भाची फोनवर म्हणाली.

ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सच्या वतीने कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, दोन तऱ्हेचे. एक स्वयंसेवकांनी लिहिलेला. कंपनी कार्डाची आतली माहिती देत नव्हती, तेव्हा या मंडळींनी कार्डात काय जातं आणि बाहेर काय येतं हे वर्षानुवर्षं न्याहाळून आतलं गणित ताडलं. नुसती उत्तरं बघून सूत्र शोधणाऱ्यांना गणिताच्या मास्तराचा साष्टांग नमस्कार. दुसरा खुद्द कंपनीचा. चालतो झकास, पण आत काय आहे ते विचारायचं नाही. यावरून लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स, ज्याने १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना हा सगळा उद्योग सुरू केला, त्याचं डोकं एकदा असं फिरलं, की २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात भर कार्यक्रमात त्याने एका ग्राफिक्स कंपनीचं नाव घेऊन कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवलं. तोंडाने जे म्हणाला ते शाळेतल्या माणसाला लिहिता येत नाही. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, आणि माझं कार्ड कोणाचं तेही लिहीत नाही. कार्डाला ऐकू जातं अशी माझी हल्ली समजूत झाली आहे. पुढे २०२२ मध्ये त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा काही भाग खुला केला. बोट दाखवल्याचा परिणाम दिसायला दहा वर्षं लागतात, हे मी वर्गापुरतं लक्षात ठेवलं आहे.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि कंपनीचा ड्रायव्हर या गाभ्याच्या मापाने शिवून घ्यावा लागतो. कर्नल नवा आला की मापं बदलली, ड्रायव्हर पुन्हा शिवायचा. हे शिवणकाम लॅपटॉप अपडेटच्या वेळी आपलं आपण, गुपचूप उरकतो. कापड कमी पडलं तरी गुपचूपच.

तर ड्रायव्हर शिवून झाला आणि लॅपटॉपने पासवर्ड ठरवायला सांगितला. पुन्हा सुरू कराल तेव्हा एक निळी स्क्रीन येईल, तिथे हा पासवर्ड द्या. यामागे सिक्युअर बूट नावाचा पहारा आहे. अनोळखी सहीचं काहीही गाभ्यात शिरू द्यायचं नाही, असा त्याचा बाणा. घरी शिवलेल्या ड्रायव्हरवर सहीही घरचीच, त्यामुळे ‘ही सही माझ्या ओळखीची आहे’ असं सांगायला मालकाने प्रत्यक्ष हजर राहून कळ दाबायची. त्यासाठी निळी स्क्रीन दहा सेकंद थांबते. तेवढ्यात कोणी आलं नाही तर ती पुढे निघून जाते आणि ड्रायव्हर दाराबाहेर राहतो.

दहा सेकंद बाहेरगावच्या माणसाला पुरेसे वाटतील. आमच्याकडे नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं. धरण आमच्या वाट्याला केवढं आलंय बघा, जायकवाडी, पन्नासेक किलोमीटरवर, नाथसागर म्हणतात त्याला, समुद्राचं नाव दिलंय. सतराव्या शतकात मलिक अंबरने नहरी खोदून या शहरात पाणी खेळवलं होतं. पर्यटक पाणचक्कीला जाऊन खळखळतं पाणी बघून ‘वा’ म्हणतात. आम्ही ते असूयेने बघतो. नळ नक्की किती वाजता येणार हे गल्लीत एकाच माणसाला आधी कळतं आणि तो जिन्यातून ओरडतो.

निळी स्क्रीन उगवली. मी कळीवर बोट नेलं. खालून आरोळी आली, ‘नळ आले!’

पुढचं माझ्या हातात नव्हतं. हंडे, पिंप, मोटारीची पिन, गच्चीवरच्या टाकीचा कॉक. सिडकोतल्या माणसाचं बोट अशा वेळी फक्त मोटारीच्या बटणाकडे जातं. टाकी वाहेपर्यंत मी जिन्यातच होतो. ओल्या पायांनी परत आलो तर लॅपटॉप शांतपणे सुरू होऊन बसलेला, ड्रायव्हरविना.

‘झालं का हो?’ बायकोने आतून विचारलं.

‘पाणी झालं.’

नळाचा दिवस नसलेला मुहूर्त बघून ते निळं प्रकरण यथासांग पार पाडलं. पासवर्ड दिला, सही पटली. कंपनीचा लोगो आला, मागोमाग ग्रब नावाची यादी आली, आणि अंधार. पंखा फिरतोय, कळफलकाखालचे दिवे लागलेत, लॉगिनचा टुंग आवाजही झाला. कानाला लॅपटॉप चालू, डोळ्याला बंद. यादीतला जुना कर्नल निवडला की सगळं पूर्ववत दिसायचं, कारण नवा ड्रायव्हर त्याच्या मापाचा शिवलेलाच नव्हता. पण मग प्रोजेक्टर नाही. एकूण सौदा असा होता, की एकतर मला दिसेल नाहीतर पालकांना.

वायर घरच्या टीव्हीला लावून बघितली. तिथे सगळं लख्ख. नेमकी ती आईच्या मालिकेची वेळ. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर चाललेल्या आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हिरव्या अक्षरांत ‘ओके’.

‘हे कोणतं चॅनेल लावलंस?’

‘लॅपटॉप आहे, आई. चालू होताना काय काय करतोय ते लिहून दाखवतोय.’

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. काहीही लिहिलेलं समोर आलं की ती तपासते. तिने चष्मा चढवला. ‘ओके, ओके, ओके, हाही ओके. हा एक लाल आहे, फेल्ड. बाकी सगळ्यांत पास आहे ना? मग एका विषयासाठी पोराच्या मागे काय लागलायस? काढ ती वायर.’

मी वायर काढली. ती लाल ओळ इंग्रजीत स्पष्ट सांगत होती, की स्क्रीनचा उजेड लक्षात ठेवणारी सेवा सुरू होऊ शकली नाही. लिनक्स काही लपवत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. ते इतकं सगळं सांगतं की कामाची गोष्ट त्यात सापडत नाही, हा दुसरा.

बातमी गल्लीत पसरली. शेजारचे काका दारात आले. ‘काय करायलात, सर? लिनक्स? कशाला ते? विंडोज टाका की. आमचा पुतण्या हाय पुण्याला आयटीत, विचारू का त्याला?’ आमच्या शहरात प्रत्येक घरातला एक जण पुण्यात आयटीत असतो. संगणक मात्र सगळे इथेच बिघडतात. मेहुण्याने रॅम बदलायला सांगितली. त्याच्या मते ब्लड प्रेशर सोडून सगळ्यावर रॅम हा इलाज आहे. शाळेतल्या एका सहकाऱ्याने बॅटरी काढून तीस सेकंद पॉवरचं बटण दाबून धरा म्हटलं. या लॅपटॉपची बॅटरी बाहेर काढता येत नाही, हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मग नुसतं बटण धरा.’

शेवटी एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. कारागीर तरुण होता आणि हात सफाईचा होता. त्याने झाकण एकदा उघडलं, एकदा मिटलं. ‘सर, पॅनल गया इसका. नया डालना पडेगा.’

‘पण सुरुवातीला कंपनीचा लोगो दिसतो ना. मग पॅनल कसं गेलं?’

‘लोगो तो सबका आता, सर,’ तो म्हणाला, आणि या युक्तिवादाला उत्तर नसल्यामुळे मी लॅपटॉप उचलून घरी आलो.

गुरुकिल्ली मिळाली ती दहावी ‘ब’च्या शेवटच्या बाकावर. तिथला एक मुलगा संध्याकाळी मामाच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसतो. भूमितीत त्याची प्रगती बेताची आहे. तो मधल्या सुट्टीत म्हणाला, ‘सर, अंधारात तिरपा टॉर्च मारून बघा. चित्र दिसलं तर पॅनल चांगलं, नुसता मागचा दिवा गेलाय.’

रात्री सगळे झोपल्यावर खोलीत अंधार करून मी मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरला. आणि होतं की सगळं! धुक्यातून दिसावं तसं फिकं, पण घड्याळ होतं, माझं नाव होतं, पासवर्डचा चौकोन होता. उजेड वाढवायची कळ दाबली तर पट्टी मुकाट वर सरकत गेली. टॉर्चच्या उजेडात मी वाचलं, ‘ब्राइटनेस १०० टक्के’.

‘अहो, काय शोधताय त्याच्यात?’ बायको अंधारातून म्हणाली. ‘ढेकूण झालेत का?’

स्क्रीनवर चित्र उमटवणं वेगळं आणि त्या चित्रामागचा दिवा लावणं वेगळं, ही दोन खाती निराळी आहेत. दिव्याचा उजेड कमीजास्त करायला माझ्या लिनक्सला दोन बटणं दिसत होती, एक खरं आणि एक नुसतं नावाला. नवा ड्रायव्हर आल्यावर त्याने नावाच्या बटणावर भिस्त ठेवली. ते शंभरावर नेलं, आणि खरं बटण शून्यावर पडून राहिलं. कागदोपत्री उजेड पूर्ण होता. सरकारी योजनांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी भाचीला फोन लावला.

‘मामा, यादी आली की ई दाब.’

‘दाबला. रामायण आलं सगळं.’

‘त्यात लिनक्सने सुरू होणारी ओळ शोध, तिच्या शेवटी जा. आता स्पेस दे आणि लिही, नोमोडसेट.’

‘म्हणजे काय?’

‘कर्नलला सांगायचं, स्क्रीनच्या कामात तू पडू नकोस. मग एफ टेन.’

दाबलं. झाकणातली स्क्रीन झगझगीत उजळली. अक्षरं पाट्यांवरच्यासारखी मोठी आणि ओबडधोबड, पण दिसत होती. पॅनल धडधाकट असल्याचा हा पुरावा. तो घेऊन त्या दुकानात जावं असं फार वाटलं, पण लोगो तो सबका आता. नोमोडसेट हा इलाज नव्हे, निदान आहे. त्यात ड्रायव्हरही गप्प बसतो आणि प्रोजेक्टरही.

‘आता पुन्हा तिथेच जा. नोमोडसेट खोड. लिही, एसीपीआय, अंडरस्कोअर, बॅकलाइट, बरोबरचं चिन्ह, नेटिव्ह. डॅश नाही हं, अंडरस्कोअर.’

‘खालची रेघ.’

‘हो. आणि बरोबरच्या दोन्ही बाजूंना स्पेस नको.’

‘समीकरणात मी मुलांना जागा सोडायला लावतो.’

‘इथे सोडू नकोस, मामा. प्लीज.’

तिच्या प्लीजमागे इतिहास आहे. २०११ साली याच दोन ग्राफिक्सच्या कटकटीवर उतारा म्हणून ‘बम्बलबी’ नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर निघालं होतं. ते बसवणाऱ्या फायलीत एका ओळीत एक स्पेस चुकून जास्त पडली. ओळीचा हेतू होता यूएसआर नावाच्या कप्प्याच्या पार आतली एक जुनी जोडणी पुसण्याचा. मधे स्पेस पडल्यामुळे अर्थ झाला, की यूएसआर अख्खाच पुसा. आणि लिनक्सची बरीचशी चीजवस्तू त्याच कप्प्यात असते. पडदा नीट करायला गेलेल्यांचं घर रिकामं झालं. मुलांना ‘दोन शब्दांत जागा सोडा’ असं सांगताना मी हल्ली जरा चाचरतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे लिनक्सला आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीत, पुसलेलं परत आणायची सोय नसते. आमच्या जिल्ह्यात वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलं. भलतीकडे छिन्नी बसली तर दगड परत चिकटवायची सोय तिथेही नव्हती. पण त्या कारागिरांना निदान फोनवर भाची सांगत नव्हती.

एफ टेन दाबलं. लोगो, यादी, क्षणभर अंधार, आणि मग डोळ्यांवर आपटेल असा उजेड. वायर टीव्हीला लावली, तिथेही चित्र. मालिका चालू नव्हती, आईने बोलून दाखवण्यासारखं काही नव्हतं, तरी तिने ‘झाला का पास?’ एवढं विचारलं. तीच ओळ कायमची लिहून ठेवायला भाचीने ग्रबची एक फाइल उघडायला लावली, अक्षरन् अक्षर माझ्याकडून वाचून घेतलं, आणि मगच एंटर दाबू दिलं.

पालकसभा झाली. लॅपटॉपवर दिसलं, पडद्यावरही दिसलं, दोन्हीकडे एकाच वेळी. मूल्यमापनाच्या सगळ्या पाट्या मी पुढे सरकवल्या. शेवटी ‘काही शंका?’ विचारल्यावर एका पालकांनी हात वर केला आणि यंदा सहल कुठे जाणार ते विचारलं. दहावी ‘ब’च्या त्या मुलाला पुढच्या घटक चाचणीत पास करण्याचा मोह मला झाला. तो आपला आपणच पास झाला, काठावर.

आता ज्यांच्याकडे भाचीचा लॅपटॉप येऊ घातला आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. लिनक्स खुशाल वापरा. प्रश्नपत्रिका, हिशेब, सिनेमे, सगळं त्यावर होतं. नवा लॅपटॉप घेणार असाल तर एचडीएमआय कोणत्या कार्डाला जोडलंय ते दुकानदाराला विचारा. त्याला माहीत नसेल, तरी विचारा. पुढच्या गिऱ्हाइकासाठी तो शोधून ठेवील. आणि एखाद्या अपडेटनंतर लॅपटॉप नम्रपणे म्हणेल, की जुना कर्नल आता लागत नाही, काढून टाकू का. नाही म्हणा.